‘हा’ संपेपर्यंत

माझी नात सई हल्ली जर्मन शिकते. पहिल्या दिवशी क्लासवरून आली आणि चपला काढता काढताच छातीवर हात ठेवून मला म्हणाली, "आजी, इश बिन सई." मी मेथी निवडत बसले होते. म्हटलं, "पहिल्याच दिवशी ‘इश’ शिकवलं तुम्हाला?"

"मग? इश म्हणजे मी. ‘मी’च आला नाही तर माणूस बोलणार काय?"

तिचं बरोबर आहे. पण मी ज्यांच्याकडे जर्मन शिकले त्यांनी आम्हाला ‘मी’ कधी शिकवलाच नाही. विसरले असं नव्हे, त्याची पाळीच आली नाही. आणि अगदी शेवटी तो कसा आला, हे सईला सांगायला गेले तर मधेच मेथी धुवायचं निमित्त करून उठावं लागलं. म्हणून आता लिहूनच काढते.

अनंतराव हळीखेडकर हे त्यांचं नाव. काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत मात्र दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना ‘जर्मन साब’ म्हणत. खालच्या मजल्यावर आम्ही राहायचो, अण्णा, आई आणि मी. वरच्या दोन खोल्यांत ते एकटे. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नव्हतं. मूळ गाव बीदरकडचं हळीखेड, पण तिथून ते लहानपणीच निघालेले. तिथे आडनावाखेरीज त्यांचं काही उरलं नव्हतं. निजामाच्या अमलात सरकारी वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, त्यांना रसायनशास्त्र शिकायला जर्मनीला पाठवलं होतं. ते रसायन अर्धं आणि जर्मन पुरं शिकून परत आले. मग पुष्कळ वर्षं एका कॉलेजात विज्ञानाच्या मुलांना जर्मन शिकवत. पोलीस ॲक्शननंतर राज्य बदललं, शिकवण्याची भाषा बदलली आणि त्या धांदलीत टाइमटेबलातून जर्मन कधी गळून पडलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मास्तरांना सचिवालयात तर्जुम्याच्या कामावर बसवलं. जुन्या उर्दू फायलींचं इंग्रजी करायचं. "मेलेल्यांना नवे कपडे घालतो," असं ते स्वतःच्या नोकरीबद्दल म्हणत.

सगळं दफ्तर बुशशर्टावर आलं तरी हे भर मे महिन्यात काळी शेरवानी गळ्यापर्यंत बटणं लावून घालायचे. मनात काही खळबळ झाली की हात त्या सर्वांत वरच्या बटणाकडे जायचा. बटण लावलेलंच असायचं, तरी ते चाचपून बघायचे. बोलणं अगदी बेताचं. समोरचा बोलत असला की मान थोडी कलती करून नुसतं "हौ" म्हणायचे. हैदराबादी ‘हौ’. त्यात होकार असतोच असं नाही, ‘पुढे बोला’ एवढाच त्याचा अर्थ. आमचे अण्णा घरात आईशी सुद्धा मोजून मापून बोलत, पण वरच्या गॅलरीत त्या ‘हौ’च्या जोरावर त्यांची गाडी तासन्‌तास चालायची. खाली आल्यावर आई विचारायची, "भावजी काय म्हणाले?" अण्णा आठवून बघायचे आणि म्हणायचे, "ते काही म्हणाले नाहीत वाटतं."

कॉलेजातलं जर्मन गेलं तसा मास्तरांनी घरीच संध्याकाळचा वर्ग काढला. फुकट. माझ्या वेळी वर्गात चार जण होतो. विजेच्या खात्यातला यादगिरी, घरी तेलुगू आणि बाहेर दखनी बोलणारा. गुलबर्ग्याचा पाटील, औषधांच्या दुकानात नोकरीला. अण्णांच्याच कचेरीतला देशपांडे, तो चिक्कडपल्लीहून सायकल मारत यायचा. आणि चौथी मी. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. संध्याकाळी घराबाहेर पडायला आईची बंदी होती, पण जिना चढायला नव्हती, म्हणून मी जर्मन शिकले. यापेक्षा थोर कारण माझ्यापाशी नाही.

मास्तरांची शिकवण्याची पद्धत जगावेगळी होती. एका वेळी एक अक्षर घ्यायचं. त्या अक्षराचे शब्द, त्यांच्या म्हणी, त्यांचे वाक्प्रचार, सगळं पाखडून निवडून झालं की मगच पुढचं सूप. मी गेले तेव्हा ‘ग’ संपत आला होता. मग एच आलं.

"एच नाही, हा," मास्तर म्हणाले. "जर्मनमध्ये या अक्षराचं नावच ‘हा’. आपल्या मराठीत ‘हा’ कुणाला म्हणतो आपण? जवळच्याला. लांबचा असला तर ‘तो’. हे सगळं जवळचं अक्षर आहे. हाउस म्हणजे घर, हांट म्हणजे हात, हेर्त्स म्हणजे काळीज, हुंट म्हणजे कुत्रं. आणि हीअर म्हणजे इथे. याला घाई करायची नाही."

त्या दिवसापासून आमची हजेरी जर्मनमध्ये सुरू झाली. चार टाळक्यांच्या वर्गाला हजेरी कशाला, असं कुणी विचारायचं नाही. मास्तर नाव घेणार आणि आम्ही ‘हजर’च्या जागी ‘हीअर’ म्हणणार. मला ते "ताराबाई?" अशी हाक मारत. माझ्या वयाच्या मुलीला बाई म्हणणारं दुसरं कुणी तोवर भेटलं नव्हतं, त्यामुळे माझा ‘हीअर’ जरा मोठाच निघायचा.

आता अडचण अशी की ‘इश’, म्हणजे ‘मी’, हा शब्द पुढच्या अक्षरातला. ‘हा’ संपल्याशिवाय तो मिळणार नाही. आम्हाला कुत्रं येत होतं, काळीज येत होतं, पण कुत्रं कुणाचं आणि काळीज कुणाचं ते सांगता येत नव्हतं. यादगिरीने त्यावर तोड काढली. ‘हुंगर हाबेन’ म्हणजे भूक असणे. तो आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचा आणि मग "हुंगर हाबेन" म्हणायचा. आम्ही सगळेच तसं करायला लागलो. जिन्यावरून कुणी पाहिलं असतं तर मुक्या-बहिऱ्यांची शाळा वाटली असती.

एकदा यादगिरी वैतागला. "सार, ये ‘मैं’ कब आता जी? भूक लगी बोलने कू भी उंगली रखना पडरा."

"यादगिरी, घरी आईला काय सांगता? ‘आकलेस्तुंदि’ ना? त्यात ‘नेनु’, म्हणजे ‘मी’, कुठे आहे? ताराबाई म्हणतात, भूक लागली. कुणाला? ज्याला लागली त्याला. ‘मी’वाचून काय अडलंय?"

"हौ सार. लेकिन शादी का पैगाम देना है तो?"

मास्तरांनी जरा विचार केला. "तोपर्यंत येईल पुढचं अक्षर," ते म्हणाले.

‘हा’चं सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे मुका हा. जर्मन लोक हे अक्षर पुष्कळदा लिहितात पण उच्चारत नाहीत. ‘ऊर’ म्हणजे घड्याळ. त्यात ऊ आणि र यांच्या मधे एक ‘हा’ बसलेला असतो. तो स्वतः बोलत नाही, शेजारच्या स्वराला तेवढा लांबवतो. मास्तर हे सांगत होते आणि देशपांडे माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "म्हणजे आपले मास्तरच." मला हसू आवरेना. मास्तरांनी ऐकलं होतं. "हौ," ते म्हणाले, आणि जरा लाजले.

वर्गातलं जर्मन वर्गात राहिलं असतं तर बरं, पण ते मास्तरांबरोबर बाजारात सुद्धा जायचं. आईला वर्षाचा मसाला करायचा होता, म्हणून आम्ही बेगम बाजारला निघालो. मास्तरही पिशवी घेऊन बरोबर आले. त्या आठवड्यात आमची एक म्हण चालू होती. खरी अडचण कुठे आहे ते सापडलं की जर्मन म्हणतात, ‘ससा मिऱ्यात पडलाय.’ ससा म्हणजे हाझं, अर्थात ‘हा’ मधलाच. एका मारवाडी सेठच्या दुकानात काळ्या मिऱ्याचं पोतं उघडं होतं. मास्तरांनी त्यात हात घातला आणि त्यांचा चेहरा उजळला. सेठ बघतोय म्हटल्यावर अदबीने त्याला म्हणाले, "सेठ, इसमें खरगोश पडा है."

सेठ ताडकन उठला. "क्या बोले साब? हमारी मिरी में खरगोश?"

"हौ. जर्मन लोगां बोलते."

"जर्मन लोगां कब आये थे मेरी दुकान में?"

झालं. त्याने हमालाला हाक मारून अख्खं पोतं चादरीवर ओतायला लावलं. बघे जमले. मास्तर म्हणीचा अर्थ समजावून सांगत होते आणि सेठ मिऱ्यात हात फिरवत होता. ससा काही निघाला नाही. शेवटी तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "तो मुश्किल बोलो ना साब, खरगोश कायकू बोलते? हम लोग कांदा नै खाते, आप खरगोश निकालरे!" मास्तरांना इतका पश्चात्ताप झाला की त्यांनी एकट्याच्या संसाराला जन्मभर पुरेल एवढी मिरी विकत घेतली.

परतताना रिक्षात आईला हसू आवरत नव्हतं. "भावजी, पण तुमच्या त्या जर्मनांना मिऱ्यात ससा लागतो कशाला?"

"कालवण करतात, वहिनी."

आईचं हसू थांबलं. पण म्हण आमच्या घरात राहिली ती राहिलीच. दूध नासलं, नळ गेला, अण्णांची फाइल अडली, की आई म्हणायची, "पडला ससा मिऱ्यात."

आणि मग राज्याच्या वाटणीची बोलणी सुरू झाली. हैदराबाद राज्य मोडायचं. तेलुगू जिल्हे आणि शहर आंध्राकडे, मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे. जिल्ह्यांबरोबर नोकरदारांचीही वाटणी होणार होती. मराठी माणसाने मराठी मुलखात जावं, असा साधा हिशेब. ज्यांच्या कितीतरी पिढ्या या शहरात गेल्या होत्या त्यांना तो हिशेब साधा वाटत नव्हता, पण सरकारी नोकर करणार काय?

मास्तरांना वरच्या साहेबाने बोलावलं होतं. संध्याकाळी गॅलरीत त्यांनी अण्णांना सांगितलं. "साहेब म्हणाले, तुमची मातृभाषा मराठी, म्हणजे तुम्ही मुंबई राज्याचे. तुमचं गाव बीदरचं, म्हणजे म्हैसूरचे. राहता हैदराबादेत, म्हणजे आंध्राचे. नेमके कुठले ते ठरवा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, जर्मनमध्ये म्हणतात, एका वेळी दोन लग्नांत नाचता येत नाही. तुम्ही तर मला तीन मांडवांत उभं करताय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लग्न म्हणजे होखत्साइट, ताराबाई. ‘हा’च."

"आणि साहेब?"

"साहेब म्हणाले, इथे तुमचं आहे कोण?"

अण्णा जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "तसं खरंच आहे, अनंतराव. इथे तुमचं आहे कोण?"

"हौ," मास्तर म्हणाले. हात बटणाकडे गेला.

वर्ग मोडायला सुरुवात झाली ती पाटीलपासून. त्याच्या भावाला गुलबर्ग्याला नोकरी लागली आणि सगळं घरच तिकडे हललं. त्या संध्याकाळी मास्तरांनी नेहमीसारखी हजेरी घेतली. "पाटील?" कुणीच बोललं नाही. मास्तर तेवढा वेळ थांबले आणि पुढे गेले, "देशपांडे?" देशपांडे गोंधळून "हीअर" म्हणाला. मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं तेव्हा यादगिरीने विचारलं, "सार, पाटील तो गया ना?"

"गेला. त्याचा ‘हा’ आता मुका झाला," मास्तर म्हणाले. "पण मुका असला तरी गाळायचा नसतो. गाळला की शब्द चुकतो."

देशपांडेची पाळी आली तेव्हा तर अनर्थच झाला. त्याला औरंगाबादचा हुकूम आला. निघायच्या दिवशी सगळा गोतावळा स्टेशनवर. मास्तरही आले. जर्मनमध्ये कुणी अवघड कामाला निघालं की शुभेच्छा म्हणून ‘हाल्स उंट बाइनब्रुख’ म्हणायची रीत आहे. हाल्स म्हणजे मान. दृष्ट लागू नये म्हणून उलटं बोलायचं, मान मोडो, पाय मोडो. आम्हाला वर्गात शिकवलं होतं. मास्तरांचा ऊर भरून आला होता, बोलायची सवय नव्हती, आणि देशपांडेच्या आईलाही समजावं म्हणून त्यांनी ते मराठीत म्हटलं. देशपांडेच्या डोक्यावर हात ठेवून, सगळ्यांच्या देखत, "तुझी मान मोडो, पाय मोडो!"

म्हातारी किंचाळलीच. "अगं बाई! जात्या लेकराला असं बोलतात? काय वाकडं केलंय हो त्याने तुमचं?" देशपांडे तिला समजावतोय, अण्णा मास्तरांना बाजूला घेतायत, गार्ड शिट्टी फुंकतोय. गाडी सुटेपर्यंत म्हातारी खिडकीतून कडाकडा बोटं मोडत होती.

आणि कहर म्हणजे औरंगाबादेत उतरून आठवडा झाला नाही तोच देशपांडे सायकलवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. अण्णांच्या कचेरीत ही बातमी हसत हसतच आली. मास्तर मात्र हसले नाहीत. "मान तरी वाचली," एवढंच म्हणाले आणि त्यानंतर तो आशीर्वाद त्यांनी कुणालाही दिला नाही.

यादगिरी तरी राहील असं वाटलं होतं. तो तेलुगू, शहर त्याच्या राज्यात आलेलं. पण राज्य मोठं झाल्यामुळेच त्याची बदली थेट विशाखापट्टणला झाली. जायच्या आदल्या दिवशी तो लग्नाची पत्रिका घेऊन आला. "पैगाम तेलुगू में दे दिया सार, आपका अक्षर नै आया," म्हणाला आणि मास्तरांच्या पाया पडला. मास्तर मनापासून हसले. तसं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

मग वर्गात मी एकटी उरले. तरी हजेरी तशीच. "पाटील?" थांबायचं. "देशपांडे?" थांबायचं. "यादगिरी?" थांबायचं. "ताराबाई?"

"हीअर."

मला त्या थांबण्याचं रडू यायचं आणि रागही यायचा. जी माणसं गेली ती गेली, रोज त्यांच्या नावाने उभं राहायचं कशाला? एकदा मी विचारलंच, "मास्तर, पुढचं अक्षर कधी?"

"‘हा’ संपला की."

"आणि ‘हा’ कधी संपणार?"

"तुम्हाला घाई आहे का?"

घाई मला नव्हती, सरकारला होती. अण्णांना औरंगाबादचा हुकूम आला. आणि त्याच आठवड्यात मास्तरांनाही, तोही औरंगाबादचाच. अण्णांच्या अंगात उत्साह संचारला. देशपांडेने लंगडत लंगडत तिकडे एक घर पाहून ठेवलं होतं, खाली आम्हाला जागा आणि वर दोन खोल्या. "जसं इथे तसं तिथे, अनंतराव! जिना तेवढा बदलणार." आईने लोणच्याच्या बरण्या बांधताना एक जास्तीची बांधली, भावजींची. मास्तरांनीही ट्रंक काढून गॅलरीत उन्हात ठेवली. दोन-तीन दिवस ती तिथे उघडी पडून होती आणि आत काहीच जात नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी अण्णा आणि मी वर गेलो. मास्तर त्या रिकाम्या ट्रंकेशेजारी बसले होते. कुणी न विचारता बोलायला लागले. त्यांना सलग एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि या वेळी ‘हौ’ म्हणायचं काम अण्णांकडे आलं.

"अण्णासाहेब, मी जर्मनीहून शिक्षण सोडून का आलो ते कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटतं, नापास झालो. नापास झालो नव्हतो. तिथली माणसं चांगली होती, घरमालकीण तर फारच चांगली. पण मी बोलेनासा झालो. ‘हौ’ म्हणायला कुणी नव्हतं. रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसायचो, कुठे जायचं नसताना. एकदा आरशासमोर उभा राहून ‘हौ’ म्हणून पाहिलं. आवाज ओळखू आला नाही. मालकीण म्हणाली, तुम्हाला हायमवे झालंय. डोकेदुखी असते, पोटदुखी असते, तशी घरदुखी. तो शब्द लिहिताना दोन ‘हा’ लागतात. पहिला बोलतो, शेवटचा मुका. आजारही तसाच आहे. आधी माणूस सगळ्यांना सांगत सुटतो, मग गप्प होतो."

"घर म्हणजे हळीखेडचं?" मी विचारलं.

"नाही हो, ताराबाई. ही गल्ली. सकाळी तो कल्हईवाला ओरडत जातो ना, त्याची आठवण यायची." ते थांबले. "गोवर एकदा आला की पुन्हा येत नाही म्हणतात. हे दुखणं पुन्हा येतं. मला फार भीती वाटते त्याची."

"पण इथे एकटे पडाल त्याचं काय?" अण्णांचा आवाज चढला. "आम्ही जाणार, सगळी गल्ली निम्मी रिकामी झाली. अहो, इथे आता तुमचं आहे कोण?"

मागच्यासारखं ‘हौ’ सुद्धा मास्तर म्हणाले नाहीत. त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली. अण्णा रागावले, आई रडली, आणि मी दोन्ही केलं. मला वाटत होतं, हा हट्ट आहे. घरदुखी नको म्हणून घरात राहायचं, आणि ज्यांच्यामुळे ते घर वाटतं ती माणसंच निघून गेलेली. मग राहून तरी घरदुखी टळते का? आज मला ठामपणे वाटतं की टळत नाही. त्यांनाही ते कळत असलं पाहिजे.

पुढे आमची भेट झाली नाही. पत्रं लिहिणारा माणूस तो नव्हे. पुष्कळ वर्षांनी यादगिरी कामानिमित्त औरंगाबादला आला, तेव्हा त्याच्याकडून कळलं की मास्तर गेले. त्याच दोन खोल्यांत. त्याआधी एकदा तो त्यांना भेटून आला होता. गंमत म्हणून विचारलं होतं, "सार, कौनसा अक्षर चलरा अब?" मास्तर म्हणाले होते, "हाच."

पण मला ते दिसतात ते आम्ही निघालो त्या दिवशीचे. काचीगुडा स्टेशन, मनमाडकडे जाणारी छोट्या लाइनची गाडी, डब्यात आमचं बिऱ्हाड कोंबलेलं. मास्तर शेरवानी घालून आले होते. हातात एक पुरचुंडी. आईच्या हातात देऊन म्हणाले, "मिरी आहे. तिकडे चांगली मिळेल न मिळेल."

आईने डोळ्यांना पदर लावला आणि तशातही म्हणाली, "यात ससा नाही ना, भावजी?"

"नाही, वहिनी. ससा इथेच राहिला."

अण्णा त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. आता खिडकीतून त्यांचा हात धरून बसले आणि काही केल्या सोडेनात. मी म्हटलं, "मास्तर, म्हणा ना ते. मान मोडो, पाय मोडो." त्यांनी घाबरून मान हलवली. देशपांडेचा पाय त्यांच्या मनातून गेला नव्हता.

शिट्टी झाली. अण्णांनी हात सोडला. मास्तर एक पाऊल मागे सरून उभे राहिले, आणि मला एकदम वाटलं, उद्या संध्याकाळी हे हजेरी घेतील तेव्हा माझ्या नावापाशीही थांबतील. चार नावं आणि चारही मुकी. आणि यांचं नाव घेणारं कुणी नाही. मास्तरांची हजेरी कोण घेतं?

मी खिडकीच्या गजांना तोंड लावलं आणि ओरडले, "पाटील?"

डब्यातले लोक बघायला लागले. मास्तरांनी मान वर केली.

"देशपांडे?" मी थांबले. "यादगिरी?" पुन्हा थांबले. गाडी हलली. "हळीखेडकर?"

त्यांचा हात वरच्या बटणाकडे गेला. "हीअर," ते म्हणाले. तो शब्द मला नीट ऐकू आला नाही, ओठांवरून कळला. मग ते गाडीबरोबर चालायला लागले, चार पावलं, शेरवानीत पाय अडकत असताना, आणि एरवी कधीही न चढवलेल्या आवाजात ओरडून म्हणाले, "हीअर बिन इश!"

इथे मी आहे. ‘इश’ मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आई विचारत होती, "काय म्हणाले गं?" आणि मला सांगता येईना.

गाडी प्लॅटफॉर्मच्या छपराबाहेर पडली. मी वळून पाहिलं. मास्तर जिथे थांबले होते तिथेच उभे होते. शब्द म्हणून झाला होता, तरी यादगिरीसारखं छातीवर ठेवलेलं बोट त्यांनी अजून काढलं नव्हतं.